भिंतीवरील वंशावळ

वाचनासाठी शास्त्रभाग : मत्तय १:१-१७, यहोशवा ४:१-७, इफिस २:११-२२



निवडणूक जवळ आली की आपल्या गावातील भिंती बोलू लागतात. चुना फासला जातो, चिन्हे रंगवली जातात, नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. निवडणूक सरली की त्याच भिंतीवर पुन्हा चुना बसतो. भिंत बिचारी मुकी. ज्याच्या हाती कुंचला, त्याचे ती बोलते. म्हणून भिंतीवरील चित्र वा लेख पाहताना तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते : हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? आणि काय लिहायचे राहिले?

हे प्रश्न मला सुचले ते एका लहानशा प्रसंगामुळे, आणि त्यात माझाही दोष आहे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील मंडळीने आपली शताब्दी साजरी केली. त्या निमित्ताने चर्चच्या आवाराची रस्त्याकडील भिंत रंगवून तिच्यावर मंडळीचा इतिहास चित्ररूपाने काढावा असे ठरले. शब्बाथशाळेच्या मुलांनी ते काम मोठ्या हौसेने केले. बैलगाडीतून येणारे मिशनरी साहेब, झाडाखालची शाळा, पहिला बाप्तिस्मा, १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याचे काम, नवे चर्च आणि त्याची घंटा, अशी एकामागून एक चित्रे उतरली. येणारेजाणारे थांबून पाहत.

चित्रे ठरवणाऱ्या समितीत मीही होतो. एका वडील सभासदाने सुचवले की जुन्या काळची एक गोष्टही दाखवावी. त्या मंडळीत दोन वस्त्यांतून लोक आले होते. दोन्ही वस्त्यांचा बाप्तिस्मा एकाच नावात झाला होता. तरी प्रभुभोजनाच्या वेळी एका वस्तीचे लोक पुढे बसत, दुसऱ्या वस्तीचे दाराशी, आणि प्याला त्यांच्याकडे सर्वांत शेवटी जाई. ही रीत पुढे मोडली. पण ती होती. चर्चा झाली. “सणाच्या दिवशी जुनी खपली कशाला काढायची?” असे कोणी म्हणाले. हात वर करून मत घेतले गेले. ते चित्र नको म्हणणाऱ्यांत माझाही हात होता.

शताब्दीच्या दिवशी त्या दुसऱ्या वस्तीतील एक वृद्ध आजी काठी टेकीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दादा, लई झ्याक काढलंय. पन ह्यात आमी कुटं हाय?”

मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्याची दिशा मला पुढे आपल्या प्रांतापासून फार दूर, तंजावर येथील एका भिंतीपाशी सापडली.

तंजावरची मराठी भिंत

भाषांतराच्या कामानिमित्त तमिळनाडूत जाणे झाले असता मी तंजावरास दोन दिवस राहिलो. तेथील बृहदीश्वराचे मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केले. आज ते जागतिक वारशांच्या यादीत आहे. सभोवती तमिळ बोली, तमिळ पाट्या, तमिळ यात्रेकरू. आणि त्या मंदिराच्या आवारातील भिंतीवर पाहतो तो आपली बालबोध अक्षरे! ओळीखाली ओळ, दगडामागून दगड, भिंतभर मराठी मजकूर कोरलेला आहे. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर आपली भाषा अशी दगडात भेटली की पाय तेथेच खिळतात.

हा लेख ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने ओळखला जातो. सरफोजी राजे दुसरे यांच्या आज्ञेने तो शके १७२५ मध्ये कोरवला गेला. त्याची इंग्रजी तारीख १३ डिसेंबर १८०३ अशी येते. भोसले कुळाच्या उगमापासून मालोजी, शहाजी, थोरले शिवाजी महाराज, त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी आणि त्यांच्यामागून तंजावरच्या गादीवर बसलेले राजे, असा वंशविस्तार सांगत तो खुद्द सरफोजींपर्यंत येतो. मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

तंजावरचे राज्य व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्थापिले. त्यापूर्वी तेथे नायक राजे होते आणि त्यांच्याही पूर्वी चोळ. तेव्हा हा मराठी लेख कोरला गेला तो चोळांनी बांधलेल्या, नायकांनी सजवलेल्या आणि तमिळ लोकांनी आठशे वर्षे पुजलेल्या वास्तूत. परक्या मुलखात आलेल्या एका मराठी कुळाने आपण कोण आणि कोठून आलो हे सर्वांसमक्ष मांडले ते असे.

दत्तकपुत्राचा लेख

आता पहिले दोन प्रश्न विचारू. हे कोणी लिहविले, आणि कोणत्या वेळी?

सरफोजी हे तुळजाजी राजांचे औरस पुत्र नव्हते. निपुत्रिक झालेल्या तुळजाजींनी १७८७ मध्ये, मरणापूर्वी थोडे दिवस, या सुमारे दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि त्याच्या रक्षणाचा भार ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाती दिला. तुळजाजी वारल्यावर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तकविधान शास्त्रोक्त नाही असा पंडितांचा अभिप्राय पुढे आला आणि ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंहांना राजा केले. बालक सरफोजींना कोंडून ठेवल्यासारखे दिवस काढावे लागले. श्वार्ट्झ यांनी कंपनीच्या दरबारी पुनःपुन्हा रदबदली केली. १७९३ मध्ये सुरक्षेसाठी सरफोजींना मद्रासेस नेण्यात आले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे ठेवला गेला, तो वैध ठरला, आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले.

परंतु गादी मिळाली ती जवळजवळ रिकामी. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजींकडे उरला तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. त्यानंतर चार वर्षांनी भिंतीवर हा लेख कोरला गेला.

वाचकहो, या क्रमाकडे लक्ष द्यावे. ज्याच्या वारसाहक्कावर एकदा शंका घेतली गेली आणि ज्याच्या हातातील सत्ता गेली, त्या मनुष्याने आपली वंशावळ दगडावर लिहविली. मी या राजाला हसत नाही. तो विद्वान होता. त्याने सरस्वती महाल ग्रंथालयाचा संग्रह वाढवला, देवनागरी छापखाना चालवला, आणि इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ मध्ये मराठीत छापून प्रसिद्ध केल्या. तरीही त्या भिंतीपाशी उभे राहिले असता एक करुण सत्य जाणवते. राज्य हातून जाते तेव्हा मनुष्य वंशावळीला घट्ट धरतो. “आज मी कोणी नसलो तरी मी अमक्याचा आहे,” हे त्याला कोठेतरी लिहून ठेवायचे असते.

आणि दगडानेही काय राखले? सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्र न ठेवता वारले तेव्हा कंपनीने ती गादीच खालसा केली. लेख राहिला, ज्या वंशाचे सातत्य तो सांगत होता त्याचे राज्य राहिले नाही.

दुसरी मराठी वंशावळ

माझ्यासारख्या भाषांतराच्या कामात आयुष्य घालवलेल्या मनुष्याला त्या भिंतीपाशी आणखी एका मराठी वंशावळीची आठवण झाल्याशिवाय कशी राहील? तंजावरचा लेख १८०३ च्या अखेरीस कोरला गेला, आणि १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. भाषेच्या कामी त्यांना पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते. मत्तयाचे शुभवर्तमान उघडले की पहिल्याच पानावर काय येते? वंशावळ. एवढ्या थोड्या अवधीत मराठी भाषेत दोन वंशावळी लोकांपुढे आल्या, एक दगडात आणि एक कागदावर, आणि दोन्ही महाराष्ट्राबाहेर!

दोहोंत विलक्षण साम्य आहे. मत्तयही एका राजकुळाची कथा सांगतो. तोही अब्राहामापासून दावीदापर्यंत आणि दावीदापासून पुढे पिढ्या मोजीत येतो. त्याच्याही काळी ते सिंहासन रिकामे होते आणि देश परक्या सत्तेच्या हाती होता. इतकेच काय, त्याचीही वंशावळ औरसपणाच्या मार्गाने शेवटास जात नाही. ‘अमक्यास अमका झाला’ ही धाटणी तो योसेफापाशी येऊन मोडतो. योसेफ येशूचा जनक नाही; तो मरीयेचा पती आहे, आणि देवदूताच्या सांगण्यावरून बाळाचे नाव ठेवून तो त्यास आपल्या घराण्यात घेतो (मत्तय १:१६, २०-२५). दावीदाचा वंश प्रभूपर्यंत पोहोचतो तो जणू दत्तकाच्या वाटेने. तंजावरच्या राजाला ज्या गोष्टीची सफाई द्यावी लागली, ती गोष्ट मत्तय उघडपणे पहिल्या पानावर मांडतो. पौल रोमकरांस लिहिताना (८:१५) जो शब्द योजतो त्यासाठी आपल्या मराठी शास्त्रात ‘दत्तकपणा’ हा शब्द आहे. गादीच्या वारसासाठी झालेले तंटे ज्या भाषेने पाहिले, त्या भाषेत या शब्दाला केवढे वजन आहे!

परंतु साम्याहून भेद मोठा आहे. राजांच्या वंशचरित्रांचा हेतू कुळाचा मान उभा करणे हा असतो. जगातील सर्व राजवंशांची हीच रीत. मत्तय मात्र आपल्या राजाच्या वंशावळीत असे काही लिहितो की कोणत्याही दरबारी लेखकाने ते खोडून टाकले असते. यहूदाचे नाव येताच तो तामारेचे नाव घेतो आणि उत्पत्ती ३८ व्या अध्यायातील यहूदाची लाज आपणांस आठवते. मग यरीहोची राहाब येते, मवाबी रूथ येते. त्यानंतर दावीद येतो, कुळाचा सर्वांत थोर राजा. येथे तर गौरवाचे शब्द हवे होते! तेथेच मत्तय शलमोनाच्या आईचा उल्लेख करतो, आणि तोही तिचे नाव न घेता. मूळ ग्रीक शब्दरचना इतकी आखूड आहे की तीत ‘पत्नी’ असा शब्दही नाही. ‘उरीयाची जी, तिच्यापासून’ एवढाच तिचा भाव. भाषांतर करणाऱ्याला वाक्य पुरे करण्यासाठी ‘बायको’ किंवा ‘पत्नी’ हा शब्द घालावा लागतो. मत्तयाला ज्याचे नाव घ्यावयाचे होते ते नाव उरीया. दावीदाच्या आज्ञेने ज्याला लढाईच्या तोंडी देऊन मारले गेले, त्या हित्ती मनुष्याचे नाव मशीहाच्या वंशावळीत कायमचे कोरले गेले आहे. तो त्या वंशाचा नव्हता. परंतु त्या वंशाने ज्याचा घात केला तो होता.

येथे कोणी म्हणेल की मत्तयानेही नावे गाळली आहेत. होय, गाळली आहेत. योराम आणि उज्जीया यांच्या मधले अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे त्याच्या यादीत नाहीत. चौदा चौदा पिढ्यांच्या तीन गटांत ती बसवण्यासाठी त्याने त्यांना सोडले. इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही सोडावेच लागते. प्रश्न एवढाच की कोणाला सोडायचे? मत्तयाने तीन राजे सोडले; तामार, राहाब, रूथ आणि उरीया यांना सोडले नाही. शिवाय बाबेलास झालेले देशांतर, म्हणजे राज्य बुडाल्याची गोष्ट, त्याने वंशावळीत चार वेळा उच्चारली (१:११, १२, १७). पराजय झाकला नाही आणि पापही झाकले नाही. कारण हा राजा आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारावयास आला (१:२१). ज्या कुळात पापच नोंदलेले नाही, त्या कुळाला तारणाऱ्याची काय गरज?

लिंपलेला थर

तंजावरच्या त्याच मंदिरात भिंतीविषयी आणखी एक धडा मिळतो. गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद व अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायकांच्या काळातील चित्रे होती. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकास तेथे आढळले की वरचा गिलावा जेथे पडला आहे तेथे आत दुसरीच चित्रे आहेत. ती चोळांच्या काळातील, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची होती. नव्या राजवटीने जुन्या चित्रांवर लिंपण करून आपली चित्रे काढली होती. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा थर काळजीपूर्वक सोडवून वेगळ्या फलकांवर बसवला. खालचे चित्र उघडे झाले आणि वरचेही नष्ट झाले नाही.

झाकणे म्हणजे पुसणे नव्हे. गिलावा आज ना उद्या पडतोच. आणि खालचे सत्य उघडे केल्याने वरचे चित्र नष्ट व्हावेच असेही नाही. आपल्या मंडळीच्या इतिहासात जे लाजिरवाणे आहे ते सांगितले तर पूर्वजांचे चांगले काम मातीमोल होईल अशी भीती पुष्कळांना वाटते. शलमोनाच्या आईचा तसा उल्लेख केल्याने दावीदाची स्तोत्रे नाहीशी झाली नाहीत. उलट एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या शीर्षकातच त्या पापाची नोंद आहे, आणि मंडळी ते स्तोत्र शतकानुशतके म्हणत आली आहे.

संगमरवरात जे आहे, आणि जे नाही

बृहदीश्वराच्या मंदिरापासून थोड्याच अंतरावर, शिवगंगा तलावाजवळ, श्वार्ट्झ यांच्या नावाने ओळखले जाणारे १७७९ चे चर्च आहे. आत एक संगमरवरी शिल्प आहे. इंग्लंडचे नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून ते सरफोजी राजांनी करवून घेतले. मरणशय्येवर श्वार्ट्झ आहेत. राजा त्यांचा हात हाती घेऊन उभा आहे. उशाशी त्यांचे सहकारी गेरिके, राजाच्या मागे त्याचे कारभारी, आणि पायथ्याशी शाळेची मुले आहेत. श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारले. ज्या मुलाला त्यांनी मुलासारखे जपले तो त्यांच्या हयातीत गादीवर बसलेला त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या कबरीच्या शिळेवरील इंग्रजी ओळी राजाने स्वतः रचल्या. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, काशीयात्रेस गेले. तरी परक्या धर्माच्या गुरूवरील प्रेम त्यांनी चर्चच्या भिंतीवर निःसंकोच मांडले. मराठी राजाचे असे साक्ष्य आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

श्वार्ट्झ यांची योग्यताही तशीच होती. हैदर अलीच्या स्वारीच्या काळात तंजावरचा किल्ला उपासमारीने गांजला असता, पूर्वी पैसे बुडाल्यामुळे शेतकरी सरकारच्या वचनावर धान्य आणावयास तयार होईनात. श्वार्ट्झ यांनी स्वतःचा शब्द दिला तेव्हा ते बैल व धान्य घेऊन आले, आणि त्यांना त्यांचे पैसे मिळाले. हे सर्व सांगण्यासारखे आहे, आणि मिशनच्या इतिहासांत ते सांगितले जाते.

परंतु त्याच तंजावरच्या मंडळीत एक गोष्ट होती जी त्या शिल्पात दिसत नाही. उपासनेत वेल्लाळ जातीतून आलेले ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले ख्रिस्ती वेगवेगळे बसत. मिशनऱ्यांनी ही रीत मनापासून मानली नाही, पण हळूहळू जाईल म्हणून चालू दिली. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्रक काढून मंडळीत जातिभेद तत्काळ व कायमचा सोडावा असे फर्मावले, तेव्हा मद्रास व तंजावर येथील पुष्कळ कुटुंबे मंडळी सोडून गेली. श्वार्ट्झ यांचे शिष्य व थोर तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री यांनीही १८२९ मध्ये जातिरीतीच्या बाजूने लेखणी चालवली होती. त्यांची गीते तमिळ मंडळी आजही प्रेमाने गाते. देवाच्या मोठ्या सेवकांच्याही डोळ्यांवर केवढा जाड पडदा असू शकतो!

हे वाचून आपण तमिळ बांधवांकडे बोट दाखवू नये. माझे बोट तर दाखवण्याच्या लायकीचे नाही. तो हात समितीत वर झाला होता.

लेख असलेली आडभिंत

पौल इफिसकरांस सांगतो की ख्रिस्ताने दोघांना एक केले आणि मधली आडभिंत पाडली (२:१४). ही नुसती उपमा नव्हती. यरुशलेमेच्या मंदिरात विदेश्यांच्या अंगणापुढे दगडी कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत ताकीद कोरलेली होती की कोणी परका आत आल्यास त्याच्या मरणाचा दोष त्याच्यावरच राहील. अशी एक अखंड शिळा १८७१ मध्ये सापडली; ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. एका शिळेचा तुकडा १९३५ मध्ये यरुशलेमेत मिळाला. म्हणजे पौलाच्या मनातील भिंतीवरही लेख होता! ‘तू येथवरच’ असा तो लेख.

आपल्या चर्चच्या भिंतीवर असे शब्द कोणी लिहिले नव्हते. लिहिण्याची गरजच नव्हती. कोणी कोठे बसायचे हे सर्वांना पाठ होते. न लिहिलेला लेख दगडी लेखाहून टिकाऊ असतो, कारण तो पुसावयास कोणी जात नाही. आधी तो वाचावा लागतो, उघडपणे म्हणावा लागतो. मगच तो पाडता येतो.

आपण काय लिहावे?

इस्राएल लोक यार्देनेपार आले तेव्हा देवाने नदीच्या पात्रातील बारा धोंडे उचलावयास सांगितले (यहोशवा ४). प्रत्येक वंशामागे एक धोंडा. लहान वंशाचा लहान, मोठ्याचा मोठा असे नाही. आणि कोणत्याही वंशाचा धोंडा राहून गेला नाही. हेतू हा की पुढे मुलांनी विचारावे, “हे धोंडे कशाचे?” आणि वडिलांना खरे उत्तर देता यावे. ज्या स्मारकापुढे मुलाने प्रश्न विचारला तर वडिलांना मान खाली घालावी लागते, ते स्मारक अपुरे आहे.

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात कोट बांधणाऱ्यांची यादी पाहा. तीत याजक आहेत, सोनार आहेत, अत्तर करणारे आहेत, शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुली आहेत. आणि तकोवाच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही हेही तेथे लिहिले आहे. बृहदीश्वराच्या मंदिरात राजराजाने कोरवलेल्या तमिळ लेखांतसुद्धा राजा आणि राण्यांच्या दानांबरोबर मंदिरासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्यांची घरे आणि प्रत्येकीस वर्षाला शंभर कलम भात अशी नेमणूक नोंदली आहे. हजार वर्षांनी आज त्यांची नावे वाचता येतात. मग ख्रिस्ताच्या मंडळीने झाडू मारणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, दाराशी बसलेल्या आपल्याच भावाबहिणींची नावे का हरवू द्यावीत?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, मंडळीचा इतिहास लिहिताना किंवा रंगवताना ज्यांची आठवण सर्वांत मागच्या बाकावर बसली आहे त्यांना आधी बोलते करावे. दुसरी, जेथे अन्याय झाला तेथे तो साध्या शब्दांत लिहावा. कोणाच्या वारसांना बोल लावण्यासाठी नव्हे, तर कृपा कशावर झाली हे दिसावे म्हणून. तिसरी, देणगीदारांच्या फलकाइतकीच जागा श्रम करणाऱ्यांच्या नावांना द्यावी.

त्या आजी आता प्रभूमध्ये निजल्या आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या हयातीत देता आले नाही. त्या भिंतीचा रंग उडत चालला आहे आणि या वर्षी ती पुन्हा रंगवायची आहे. मी समितीला पत्र लिहिले आहे. त्यात आधी माझ्या त्या मताबद्दल क्षमा मागितली आहे, आणि मग विनंती केली आहे की शाळेच्या आणि घंटेच्या चित्रांमध्ये एक चित्र आणखी असावे : पुढे बसलेले लोक, दाराशी बसलेले लोक, आणि दोघांमधून फिरणारा एकच प्याला. त्याखाली त्या आजींचे नाव लिहावे. पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. ते येईपर्यंत आपणही माझ्याबरोबर प्रार्थना करावी, आणि आपापल्या चर्चच्या भिंतीपाशी थोडा वेळ उभे राहावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तय १:१-१७ सावकाश वाचा. ज्यांच्या नावांनी कुळाची लाज आठवते अशी नावे कोणती? मत्तयाने ती का ठेवली असावीत?

२. आपल्या मंडळीच्या फलकांवर कोणाची नावे आहेत? कोणाची असावयास हवी होती?

३. आपल्या उपासनेत, पंगतीत व सोयरिकीत ‘तू येथवरच’ असा न लिहिलेला लेख आजही कोठे आहे?

४. आपले मूल त्याविषयी विचारील तेव्हा आपण काय सांगणार?

प्रार्थना : हे प्रभू, तू आमचे नाव आपल्या हातांवर कोरलेस आणि आमचे पाप माहीत असूनही ते पुसले नाहीस. आमच्या भिंती खऱ्या कर. ज्यांना आम्ही वगळले त्यांच्याकडे पाहावयास आम्हांला धैर्य दे, आणि एका प्याल्याभोवती आम्हां सर्वांना बसव. आमेन.